कागदी घोडे

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात चार घोडेस्वार येतात. पहिल्याचा घोडा पांढरा, दुसऱ्याचा लाल, तिसऱ्याचा काळा आणि चौथ्याचा फिकट, ज्याच्यावर साक्षात मृत्यू बसलेला. स्वार ओळखायचा तो घोड्याच्या रंगावरून. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं १४९८ साली हा प्रसंग वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी ठशावर कोरून छापलेल्या चित्रात, आणला, तेव्हा त्याच्यापाशी रंग एकच होता, छपाईची काळी शाई. वय २७. लाल घोडा लाल दाखवायची सोय नाही, आणि चित्राचा सगळा अर्थ तर रंगातच.

त्यानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. तीन घोडे त्यानं एकमेकांना खेटून, तिरके, भरधाव सोडले. धनुष्य, तलवार आणि रिकामा तराजू यांवरून स्वार ओळखू येतात. तराजूवाला दुष्काळ सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत मोठा आणि चांगला धष्टपुष्ट. खाली मात्र मृत्यूचा घोडा. तो घोडा म्हणजे बरगड्यांचा सापळा आहे. वरचे तिघे उडत जातात, हा पाय ओढत पळतो, आणि तरी चिरडलं जाणारं माणूस त्याच्याच टापांखाली आहे. पुस्तकात रंगानं जे सांगितलं होतं ते इथे घोड्याच्या अंगानं आणि चालीनं सांगितलं. डच विद्वान एरॅस्मसनं १५२८ मध्ये ड्यूररची स्तुती केली ती याच मुद्द्यावर: ग्रीक चित्रकार अपेलीसला निदान रंगांची मदत होती, हा नुसत्या काळ्या रेघांत सगळं उभं करतो.

अपेलीसचं नाव इथे सहज आलेलं नाही. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं त्याची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. स्पर्धेत इतर चित्रकार वशिल्यानं जिंकणार अशी शंका आल्यावर अपेलीसनं खरे घोडे आणवले आणि त्यांना सगळ्यांची चित्रं दाखवली. घोडे खिंकाळले ते फक्त अपेलीसचा घोडा पाहून. प्रबोधनकाळातल्या प्रत्येक शिकल्यासवरल्या चित्रकाराला ही गोष्ट पाठ असायची. घोडा काढणं ही त्यामुळे नुसती हौस नव्हती, ती परीक्षा होती, आणि परीक्षकाला लाच देता येत नव्हती.

घोडा लाच घेत नाही हा विचार त्या काळात वेगळ्या तऱ्हेनंही फिरत होता. ग्रीक लेखक प्लुटार्कनं कार्निआडीस नावाच्या तत्त्वज्ञाचं एक म्हणणं नोंदवलं आहे: राजेरजवाड्यांची पोरं धडपणे शिकतात ती एकच विद्या, घोडेस्वारी. कारण शिक्षक तोंडपुजेपणा करतो, कुस्तीतला भिडू मुद्दाम हरतो, पण घोड्याला पाठीवर राजपुत्र आहे की भिकारी याच्याशी कर्तव्य नाही. बसता येत नसेल तर तो खाली टाकतो. इटालियन कायदेपंडित आल्चियातोच्या बोधचित्रांचं पुस्तक १५३१ मध्ये ऑग्सबर्गला पहिल्यांदा छापलं गेलं आणि पुढे युरोपभर गाजलं. त्यात हाच धागा पकडून सांगितलं आहे की राज्य हाकता न येणाऱ्या स्वाराला उमदा घोडा पाठीवरून फेकून देतो. माझा स्वतःचा घोड्याशी संबंध माथेरानपुरता. लगाम दिला होता माझ्याच हातात, पण घोडा चालत होता तो पुढे चाललेल्या घोडेवाल्याच्या तोंडातून निघणाऱ्या आवाजावर. सत्तेविषयी मला त्या वाटेवर जेवढं कळलं तेवढं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कळलं नव्हतं.

पण या मुद्राचित्रांची खरी गंमत मला वाटते ती बाजारात. घोडा हे त्या काळी ऐपतीचं जनावर. घेणं महाग, आणि रोज खाऊ घालणं त्याहून महाग. पागा हवी, मोतद्दार हवा, नालबंद हवा. आणि छापलेलं चित्र? ड्यूरर १५२०-२१ मध्ये नेदरलँड्सला गेला तेव्हाची त्याची रोजनिशी म्हणजे निम्मी हिशेबाची वहीच आहे. अँटवर्पला एका गिऱ्हाइकाला त्यानं पूर्ण तावाची चित्रं एका फ्लोरिनला आठ, अर्ध्या तावाची वीस आणि पाव तावाची पंचेचाळीस या दरानं दिली. न्यूर्नबर्गला त्याची आई बाजारात चित्रं विकायची, बायको आग्नेस ती घेऊन फ्रँकफुर्टच्या जत्रेला जायची. म्हणजे ज्याच्या सात पिढ्या पायी चालल्या अशा कारागिरालाही घोडा घरी आणता येऊ लागला. तोही साधासुधा नाही, सरदाराच्या पागेत शोभेल असा.

ड्यूररची १५०५ मधली दोन एनग्रेव्हिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, ‘छोटा घोडा’ आणि ‘मोठा घोडा’ या नावांनी ओळखली जातात. नावांवरून वाटतं एक कागद लहान असेल, एक मोठा. प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ सारख्या मापाचे, उंचीला १७ सेंटीमीटरही नाहीत. फरक आहे तो घोड्यांत. छोटा घोडा बाजूनं दिसतो: रेखीव, मान ताठ, तोंड उघडं, मागे कमानीची भिंत. पंख लावलेलं शिरस्त्राण घातलेला शिपाई त्याच्या आड जवळजवळ लपून गेलेला. हा शिपाई ग्रीक वीर पर्सियस की रोमन देव मर्क्युरी, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला त्याच्यात रस वाटत नाही. चित्रकारालाही नसावा, नाहीतर त्यानं त्याला असं घोड्यामागे ढकललं नसतं.

मोठा घोडा मात्र मागून, तिरका दिसतो. चित्राचा निम्माअधिक भाग त्याच्या पुठ्ठ्यानं व्यापलेला. एका संग्रहालयाच्या अभ्यासिकेत मला तो ताव भिंग लावून बघायला मिळाला, आणि बराच वेळ मी त्या पुठ्ठ्यावरच होते. तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन नावाच्या पोलादी हत्यारानं रेघ कोरतात. हत्यार पुढे ढकलायचं आणि वळण हवं तिथे मनगट न वळवता पत्राच फिरवायचा. इथे पुठ्ठ्याच्या गोलाईवरून रेघा वळतात, उजेडात बारीक होत होत तुटतात, सावलीत दुसऱ्या रेघांना छेदतात. कातडीखाली स्नायू आहेत, स्नायूंखाली हाड आहे, हे सगळं त्या जाळीत कळतं. राजाच्या चेहऱ्यावर एवढी मेहनत घेतली तर समजू शकतं. इथे ती एका घोड्याच्या ढुंगणावर घेतलेली आहे, आणि हे करायला धैर्य लागतं.

याच सुमारास घोडा मापात बसवायचं वेड इटलीत आणि जर्मनीत दोन्हीकडे होतं. लिओनार्दोनं मिलानच्या सरदाराच्या पागांमधले घोडे अवयवागणिक मोजून काढले होते; त्याच्या प्रचंड अश्वपुतळ्याचा मातीचा नमुना १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी नेमबाजीसाठी वापरून घालवला. ड्यूररही माणसाच्या अंगाची प्रमाणं शोधण्यात आयुष्यभर गुंतलेला, आणि तीच नजर घोड्यावर. डोक्याची लांबी किती, तिच्या किती पट धड, खांद्यापासून गुडघा कुठे. चांगला घोडा म्हणजे बरोबर मापांचा घोडा. यामागे नुसती भूमिती नव्हती. ज्याला माप आहे त्याला लगाम घालता येतो, अशी खात्री होती.

आणि लगाम तर त्या काळाच्या डोक्यात पक्का बसलेला. ड्यूररचंच ‘नेमेसिस’ घ्या, गर्विष्ठांचं पारिपत्य करणाऱ्या ग्रीक देवीचं, १५०१-०२ च्या आसपासचं. आल्प्समधल्या एका खऱ्या गावावर, क्लाउझेनवर, एक पंखवाली जाडजूड बाई गोळ्यावर तोल सांभाळत उभी आहे. एका हातात बक्षिसाचा पेला. दुसऱ्या हातात चक्क घोड्याचा लगाम, पट्ट्या आणि बकलांसकट. घोडा कुठेच नाही. तो खाली, गावात, घराघरांत आहे; म्हणजे माणसं. प्लेटोच्या रथाला एक शहाणा आणि एक बेताल असे दोन घोडे जोडलेले होते. आपल्याला तर कठोपनिषदातला रथ ठाऊक आहेच, इंद्रियं घोडे आणि मन लगाम. पण १५२५ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं ही उपमा उलटी केली आणि तिथे अंगावर काटा येतो. तो म्हणाला, माणसाची इच्छाशक्ती ही सारथी नव्हेच, ती जनावर आहे. देव पाठीवर बसला तर देव नेईल तिथे जाते, सैतान बसला तर तो नेईल तिथे. स्वार कोण हवा हे जनावर ठरवत नाही. ते दोन स्वार आपसांत भांडून ठरवतात.

आता १५१३ चं ते प्रसिद्ध चित्र, चिलखती स्वार, मृत्यू आणि सैतान. याच्याविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की लिहायला संकोच वाटतो. १९व्या शतकात जर्मनांनी त्यात राष्ट्रीय वीर पाहिला, नीत्शेनं त्यात तत्त्वज्ञ शोपेनहाउअर पाहिला, पुढे नाझींनीही ते आपल्या भिंतींवर चढवलं. ड्यूररनं मात्र आपल्या रोजनिशीत त्याला साधं ‘स्वार’ म्हटलं आहे. बहुतेक जण यात एरॅस्मसच्या पुस्तकातला ख्रिस्ती योद्धा बघतात. भीतीनं डावी-उजवीकडे न बघता आपल्या वाटेनं जाणारा. त्याला आधारही आहे. १५२१ मध्ये ल्यूथरला पकडल्याची अफवा आली तेव्हा ड्यूररनं रोजनिशीत एरॅस्मसलाच हाक मारली होती: ख्रिस्ताच्या स्वारा, घोड्यावर बसून पुढे ये.

मला मात्र नेहमी वाटतं की १५१३ मध्ये न्यूर्नबर्गच्या एखाद्या व्यापाऱ्यानं हा ताव हातात घेतला असेल तेव्हा त्याच्या मनात आधी धर्म आला नसेल. त्याला धडकी भरली असेल. आदल्याच वर्षी लायपझिगच्या जत्रेहून परतणाऱ्या न्यूर्नबर्गच्या व्यापाऱ्यांना ग्योट्झ फॉन बेर्लिखिंगेननं वाटेत लुटलं होतं, तोच तो लोखंडी हाताचा सरदार. वाटमारी करणारे सरदार हे त्या शहराचं जुनं दुखणं. अरुंद खिंड, एकटा चिलखती स्वार, भाल्याला बांधलेलं कोल्ह्याचं शेपूट: ही खूण साधुपुरुषाची आहे, असं शपथेवर कोण सांगेल? काही अभ्यासकांनीही तो लुटारू सरदार असल्याचं सुचवलं आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी मनात ठेवून बघितलं की चित्र जास्त बोलतं.

या स्वाराचा घोडा सगळा मापाचा आहे. व्हेनिसमध्ये ड्यूररनं शिल्पकार व्हेरोक्कियोनं केलेला सेनानी कोल्लेओनीचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा नक्की पाहिला असणार. एक पुढचा पाय उचलून चाललेला हा घोडा त्याच घराण्यातला. एकेक स्नायू घोटून काढलेला, पावलं मोजून टाकणारा. त्याच्या शेजारी मृत्यूचं मरतुकडं तट्टू. गळ्यात घंटा, मान खाली, वाटेतल्या कवटीपर्यंत नाक नेलेलं. मृत्यू स्वाराला वाळूचं घड्याळ दाखवतो आणि स्वार बघत नाही, यावर सगळे बोलतात. पण घोडाही बघत नाही, हे जास्त विलक्षण आहे. शेजारी असलं काही आलं तर कुठलाही जिवंत घोडा बुजेल, कान मागे टाकेल, बाजूला उडी मारेल. हा नाही. ड्यूररनं त्याची मापं इतकी पक्की केली की त्यातून भीतीही काढून टाकली. या घोड्याचं मला कौतुक वाटतं, पण त्याच्यावर माया बसत नाही.

घोडा छापून त्यावर मिरवायचं काम सगळ्यांत जोरात केलं पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राट माक्सिमिलियाननं. इतके कागदी घोडे नाचवणारा राजा दुसरा झाला नसेल. १५०८ मध्ये व्हेनिसनं वाट अडवल्यामुळे त्याला रोमला जाऊन मुकुट घेता आला नाही, ट्रेंटोमध्येच त्यानं स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. त्याच वर्षी ऑग्सबर्गच्या हान्स बुर्कमायरनं त्याचं घोड्यावरचं वुडकट काढलं: घोडाही चिलखतात, स्वारही चिलखतात. जोडीला समोरासमोर तोंड केलेला संत जॉर्ज. त्याच्या आधी विटेनबर्गच्या दरबारातून चित्रकार लुकास क्रानाखचा सोन्यात छापलेला संत जॉर्ज ऑग्सबर्गला आला होता. आता इथला नगरसचिव कोन्राड पॉइटिंगरनं सोन्या-चांदीत छापलेले ‘चिलखती स्वार’ परत तिकडे पाठवून दिले. दोन दरबारांची ही चुरस लाकडाच्या ठशांवर चालली होती. ऑग्सबर्गला सम्राटाचा दगडी अश्वारूढ पुतळाही व्हायचा होता. तो कधीच पुरा झाला नाही.

मग आली ती ‘विजययात्रा’. १३० हून अधिक ठसे, एकाला एक जोडले की पन्नास मीटरांहून लांब मिरवणूक, रांगेनं घोडेस्वार, निशाणं, रथ. त्यातले बरेच ठसे बुर्कमायरचे. निशाणांवर कवनं छापायची होती, पण ती कोरलीच गेली नाहीत. छापील प्रतींत त्या पट्ट्या कोऱ्याच फडफडतात. खऱ्या जगात काय चाललं होतं? १५१८ च्या अखेरीस सम्राट इन्सब्रुकला पोचला, तेव्हा आधीची उधारी थकल्यामुळे तिथल्या सरायवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला दार उघडलं नाही. घोडे रात्रभर रस्त्यावर उभे राहिले. दोन महिन्यांत, जानेवारी १५१९ मध्ये, तो वेल्स गावी वारला. कागदावरची मिरवणूक छापून बाहेर पडली ती १५२६ मध्ये, नातवाच्या हुकमानं.

त्या मिरवणुकीत कालिकतचे म्हणून काही लोक चालताना दिसतात, हत्तीसह. ऑग्सबर्गच्या सावकारांचा पैसा १५०५ च्या पोर्तुगीज ताफ्यात गुंतलेला होता, त्यामुळे मलबारचा किनारा त्यांना ऐकून माहीत होता. आपल्याकडची याच वर्षांतली बाजू पाहिली की मजा वाटते. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कनं गोवा घेतलं त्यामागचं एक मोठं कारण घोडाच होता. इराणी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझकडून येणारे अरबी घोडे गोव्यात उतरायचे आणि तिथून विजयनगर नि विजापूरकडे जायचे. पोर्तुगीजांनी ही आवक आपल्याच बंदरातून व्हावी अशी सक्ती केली आणि जकातीवर तिजोरी भरली. विजयनगरचा राजा दर वर्षी होर्मुझचे १३ हजार घोडे घेतो, असं पोर्तुगीज घोडेव्यापारी न्युनिझ लिहून गेला. दख्खनच्या हवेत लढाईचा मोठा घोडा नीट पैदा व्हायचा नाही, टिकायचाही नाही. लढाई जिंकायची तर तो समुद्रातूनच यायला हवा होता. आणि त्याच गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये, गुजरातच्या सुलतानानं दिलेला गेंडा लिस्बनला रवाना झाला. ड्यूररनं तो पाहिला नाही. आलेल्या वर्णनावरून आणि कच्च्या चित्रावरून त्याचं वुडकट केलं. त्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत, खिळ्यांसकट. घोड्याच्या अंगावर जे माणूस चढवायचा ते या जनावरानं जन्मतःच घातलेलं.

एप्रिल १५२८ मध्ये ड्यूरर गेला आणि त्याच उन्हाळ्यात घोड्यावरून न्यूर्नबर्गच्या नगरसभेत प्रकरण पेटलं. झेबाल्ट बेहाम नावाच्या चित्रकारानं घोड्याच्या प्रमाणांवर पुस्तिका तयार केली होती. चौकोनांची जाळी आखायची आणि तिच्यात घोडा बसवायचा, कोणालाही जमेल असं. नगरसभेनं त्याला आणि ठसे कोरणाऱ्या हिरोनिमसला बजावलं: हे ड्यूररच्या लेखनातून उचललेलं आहे, त्याचं मूळ पुस्तक बाहेर येईपर्यंत काही छापायचं नाही. बेहाम शहर सोडून निघून गेला. पुस्तिका तरीही त्याच वर्षी निघाली. बेहामची आणि नगरसभेची ही पहिली भेट नव्हती. १५२५ मध्ये त्याला, त्याच्या भावाला आणि गेओर्ग पेंट्सला नास्तिकपणाबद्दल हद्दपार केलं होतं; ‘देव न मानणारे चित्रकार’ म्हणून ते तिघे ओळखले जातात. घोड्याचं माप कोणाच्या मालकीचं, असा वाद एखाद्या शहरानं सरकारी पातळीवर घातला, ही गोष्ट मला त्या काळाविषयी बरंच काही सांगते. लिओनार्दोची मापं वहीतच राहिली, त्यांच्यावरून असा वाद होण्याचा प्रश्नच नव्हता. छपाईनं घोडा सगळ्यांचा केला, आणि सगळ्यांचा झाला की तो कोणाचा हा प्रश्न येतोच.

ड्यूररच्या मृत्यूनंतर त्याच्या केसांची एक बट कापून स्ट्रासबर्गला पाठवण्यात आली, हान्स बाल्डुंग ग्रीनकडे. हा १५०३ पासून काही वर्षं ड्यूररच्या कारखान्यात काम केलेला, त्याचा सगळ्यांत हुशार शागीर्द. ती बट आज व्हिएन्नात आहे. गुरूनं घोड्याला मापात बसवलं. केसांची बट ज्याला मिळाली त्यानं काय केलं?

१५३४ मध्ये बाल्डुंगनं रानघोड्यांची तीन वुडकटं केली. जंगल, आणि झाडीत दाटीवाटीनं घोडेच घोडे. खोगीर नाही, लगाम नाही, नाल नाही, स्वार नाही. एकात माजावर आलेला घोडा घोडीच्या मागे, दुसऱ्यात घोडी लाथा झाडून त्याला झिडकारते आणि त्याचा सगळा आवेग जमिनीवर सांडतो, आणखी एकात घोडे एकमेकांना चावतात, तुडवतात. मानांचे पीळ, वटारलेले डोळे, विचकलेले दात. कुठलं धड कुणाचं हे लवकर उमगत नाही. ॲरिस्टॉटल आणि व्हर्जिल दोघांनीही घोड्यांच्या, विशेषतः घोडीच्या, कामवासनेवर लिहिलेलं आहे आणि बाल्डुंग शिकलेल्या घरातला होता. त्याला ते ठाऊक असणारच. पण पुस्तकी ज्ञानातून अशी चित्रं निघत नाहीत. एका चित्रात झाडामागून एक माणूस चोरून बघतो आहे. काही जण तो चित्रकार स्वतःच मानतात. तसं असेल तर घोड्याच्या पाठीवर माणसाची जी जागा होती ती सुटली आणि तो झुडपात येऊन बसला, घाबरलेला आणि तरी बघितल्याशिवाय न राहवणारा.

तोवर स्ट्रासबर्गही बदललं होतं. १५२९ मध्ये शहरानं जुनी कॅथलिक मास-उपासना बंद केली. चर्चसाठी वेदीचित्रं करून देण्याचा धंदा बसला. ज्याला संत रंगवायचं काम उरलं नाही त्याच्या हाताला असे विषय मिळाले, हे कारण मला पटतं, पण पुरेसं वाटत नाही. ल्यूथरच्या त्या वाक्यातल्या जनावराची पाठ रिकामी असेल तर ते कसं दिसेल, हा प्रश्न या तीन ठशांत आहे. देवही स्वार नाही, सैतानही नाही.

आणि मग १५४४-४५ च्या सुमाराचं, मरणाच्या उंबरठ्यावर केलेलं, पागेतलं वुडकट. फरशी गुरूनं शिकवली तशी शिस्तीत, सगळ्या रेघा खोलवर एका ठिकाणी जाणाऱ्या. त्या फरशीवर मोतद्दार उताणा पडला आहे, पाय आपल्याकडे, बुटांचे तळवे जवळजवळ आपल्या नाकाशी. मेला की भुरळ पडली, कळत नाही. गवत उचलायचा काटा आणि खरारा बाजूला. उजवीकडच्या खिडकीतून एक म्हातारी मशाल घेऊन आत वाकली आहे, छाती उघडी. भिंतीवर बाल्डुंगच्या घराण्याचं चिन्ह, एकशिंगी घोडा. आणि मागच्या दारात घोडा. त्याचा पुठ्ठा आपल्याकडे आहे, अगदी ‘मोठ्या घोड्या’सारखा. फरक एवढाच की यानं मान वळवली आहे आणि तो सरळ पाहतो आहे.

सप्टेंबर १५४५ मध्ये बाल्डुंग गेला. या चित्रात कोणी लोककथेतला लुटारू सरदार शोधला, कोणी चेटूक, कोणी चित्रकाराचा स्वतःचा मृत्यू. घराण्याचं चिन्ह बघता शेवटचं म्हणणं मला ओढ लावतं. म्हातारी दोषी आहे असं मात्र जवळपास सगळेच धरून चालतात.

त्याला पाच वर्षं झाली तेव्हा, १५५० मध्ये, नेपल्सला फेदेरिको ग्रिझोनेचं घोडेस्वारीवरचं पुस्तक छापलं गेलं. ते इतकं खपलं की युरोपातल्या बऱ्याच भाषांत गेलं. त्यातली चित्रं बघायला मी मोठ्या उत्साहानं गेले. घोडा शोधत राहिले. चित्रं आहेत ती घोड्याच्या तोंडात घालायच्या लोखंडी कड्यांची, पानामागून पान: साधी, काटेरी, साखळीची, जिभेवर चाप बसवणारी. कोरणाऱ्यानं त्या दागिन्यांसारख्या कोरल्या आहेत. मजकुरात अडेल घोड्यावरचे उपायही आहेत. त्यातला एक म्हणजे काठीला जिवंत मांजर बांधून ते त्याच्या पायांमध्ये नेणं. ते वाचल्यापासून, पागेतल्या त्या मोतद्दाराला कोणी पाडलं या प्रश्नात, म्हातारीवरचा माझा संशय बराच कमी झाला आहे.